सातव्या पॅडवरची बाई

आवाज माझा नाही, पण बोलतोय मीच.

स्वतःचा आवाज मला कधी मिळालाच नाही. मी सॅम्पलर आहे. नाव भारदस्त असलं तरी घरात मला डबाच म्हणतात, आणि मी दिसतोही तसाच. जेवणाच्या ताटाएवढा, काळा, चपटा. वर चार ओळींत सोळा चौकोनी रबरी पॅड, कोपऱ्यात बोटभर पडदा, मागे वायरींची भोकं. माइकमधून आवाज आत सोडला की मी तो जसाच्या तसा ठेवतो आणि पॅडवर बोट पडलं की परत करतो. हसू असेल तर हसू, खोकला असेल तर खोकला. बोट कुणाचं आहे ते मला कळत नाही. माझं काम एवढंच, आणि माझी सगळी भीतीही एवढ्यातच आहे.

मला आठवतं ते पहिलं बोट पांढऱ्या हातमोज्यातलं होतं. कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर, एका बाईने जांभया देत माझ्या प्रत्येक पॅडवर आकडे म्हटले, ऐकले, ठीक आहे अशी मान हलवली आणि पुसण्याचं बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न उमटला : नक्की पुसायचं? तिने पुन्हा दाबलं. क्षणापूर्वी माझ्यात एक माणूस होतं, जांभयांसकट. आता काहीच नव्हतं. त्या प्रश्नाची धास्ती मला तेव्हापासून आहे.

दुकानाच्या काचेत बरीच धूळ खाल्ल्यावर मला एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने घरी आणलं. त्याची बायको दवाखान्यात दुभाषी होती. परक्या भाषेतला रोगी आला की डॉक्टरचं रोग्याला आणि रोग्याचं डॉक्टरला सांगायचं हे तिचं काम. तिचा धाकटा भाऊ त्यांच्याकडेच राहायचा आणि बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांत बूट चढवायचा. घरात सगळ्यांत जास्त बोलणारा तोच, म्हणून त्याच्या तोंडची नावं मला पाठ झाली. ती ताई आणि ते भावोजी. त्याला स्वतःला सगळे भिंगरी म्हणत, कारण नाचताना तो एका टाचेवर गरगर फिरे आणि थांबल्यावर हमखास कशाला तरी धडके.

माझ्यातला पहिला आवाज भावोजींच्या आईचा.

"आई, यात बोल काहीतरी," ते माइक पुढे करून म्हणाले.

"मी काय बोलू? मला कामं आहेत," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून तिने रोज संध्याकाळी विचारायची तेच विचारलं : "आले का सगळे? लावू दार?" भावोजींनी नेमकं तेच पकडलं आणि पॅड दाबून तिला ऐकवलं.

"शी! अशी चिरकी बोलते होय मी?" पदराने तोंड झाकून ती खूप हसली. "बरं, ठेव."

पुढच्या वर्षी ती गेली. त्यानंतर काही दिवस भावोजी संध्याकाळी पहिलं पॅड दाबत आणि मग उठून दार लावत. पुढे ते नुसतं दार लावू लागले. पण पहिलं पॅड पुसायचं नाही, हे घरात न बोलता ठरून गेलं. आवाज ठेवणं म्हणजे माणूस ठेवणं, असं या घराला तेव्हापासून वाटायचं. पुढे जे झालं ते यातूनच झालं, म्हणून सांगितलं.

गाण्यांची सुरुवात भावोजींच्या लिफ्टपासून झाली. लिफ्टच्या मोटारीची घरघर, दाराची धडक, दोरखंडाची सळसळ हे सगळं ते माझ्यात भरून आणत आणि त्यातून ठेका बांधत. तो इतका पक्का बसे की भिंगरीला हातातला चहा खाली ठेवायचीही सवड मिळत नसे. त्या ठेक्यावर गायचं काय, हा प्रश्न ताईने सोडवला.

"वाक्यं आणायची," ती म्हणाली. "लोकांची. ज्या भाषेत मिळतील त्या. पण अर्थ कुणी विचारायचा नाही. दिवसभर मी अर्थच वाहते. इकडचं दुखणं तिकडे, तिकडचं बिल इकडे. संध्याकाळी मला अर्थ नको."

"मग वाक्य चांगलं की वाईट, ते कसं ठरवायचं?" भावोजींनी विचारलं.

"पायांनी," भिंगरी म्हणाला. "पाय हलले तर चांगलं."

असा त्यांचा नियम झाला : आधी पाय, मग अर्थ. गाणं लोकांसमोर एकदा नाचून झालं की मगच त्या वाक्याचा अर्थ शोधायचा. एक वाक्य निघालं, 'डाव्या बाजूचं दार उघडत नाही.' ते एका बस कंडक्टरचं होतं. दुसरं निघालं, 'सूप निवलं, आता कुणाला सांगू?' तिसऱ्यावर माणसं घामाघूम होऊन नाचली आणि मागाहून कळलं की दात काढणारा डॉक्टर 'अजून थोडं, अजून थोडं' म्हणतोय. अर्थ कळला की तिघं जमिनीवर लोळून हसत. ज्याचं वाक्य असे त्याला ते गाणं ऐकवून येत. कंडक्टर तर रडलाच. म्हणाला, माझं इतक्या वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

मंडळींनी स्वतःचं नाव ठेवलं 'तीन पायांची शर्यत'. शाळेत दोघांचे पाय एकत्र बांधून पळवतात ती. माणसं दोन असतात आणि पाय तीन. आमच्यात माणसं तीन होती, तेव्हा पाय किती यावर भिंगरी आणि भावोजी तासन्‌तास भांडत. लहान हॉल, मग मोठे हॉल, मग गावोगावची मैदानं. ताई आठ भाषांतून लोकांना चिडवी, भिंगरी फिरे, भावोजी माझ्यावर वाकून बोटं चालवत. ते दिवस आनंदाचे होते. मी मात्र प्रत्येक कार्यक्रमाआधी घाबरायचो, कारण नव्या वाक्याला जागा करायला जुनं पुसावं लागे आणि तो प्रश्न माझ्या पडद्यावर उमटे.

सातवं पॅड असंच एका दुपारी रिकामं झालं.

त्या दिवशी भावोजी दवाखान्याच्या तळघरात होते. तिथे धुलाईखाना आहे, आणि मळक्या चादरी वरून खाली आणणारी छोटी लिफ्ट बंद पडली होती. जेवणाच्या सुट्टीत ताई मला घेऊन खाली आली, भिंगरीही आला. तळघरात वाफ होती. इस्त्रीचे लांब रूळ फिरत होते आणि दोन बायका मोठ्या चादरीची टोकं धरून एकमेकींकडे चालत येत, टोकाला टोक लावत, मागे जात, पुन्हा येत.

"हा नाचच आहे!" भिंगरी म्हणाला आणि तिसरा पाय असल्यासारखा त्यांच्या मधून फिरून आला. एक बाई हसली. दुसरी हसली नाही. ती काम करत राहिली. तिची भाषा त्या तळघरात कुणालाच येत नव्हती, ताईलाही नाही. तिथे तिला घडीवाली म्हणत, कारण तिच्या घडीला कधी सुरकुती पडत नसे.

लिफ्ट चालू झाली तेव्हा भावोजींनी खुणांनीच घडीवालीला सगळं दाखवलं. दार आतून अडकलं तर वरच्या कोपऱ्यातला दांडा कसा ओढायचा, तेसुद्धा. तिने ते फार लक्ष देऊन पाहिलं. स्वतः आत वाकून दांडा एकदा ओढूनही बघितला.

मग त्यांनी माइक तिच्यापुढे केला. तिला कळेना. म्हणून भावोजींनी, त्यांच्या मते सगळ्यांत सोपा, खुलासा केला : पहिलं पॅड दाबलं. "आले का सगळे? लावू दार?" आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "माझी आई. नाही आता. पण यात आहे."

शब्द तिला कळले नसणार. एवढं मात्र कळलं की या डब्यात माणसाचा आवाज राहतो आणि हवा तेव्हा बाहेर येतो. ती माझ्याकडे बघत मागे सरकली, भिंतीला टेकली आणि हलक्या आवाजात एक लांब वाक्य बोलली. माइक चालू होता.

आत आलेला आवाज मला आतून दिसतो. हा आवाज पाण्यात थरथरणाऱ्या सावलीसारखा होता. मी त्याआधी रागावलेली माणसं ठेवली होती, कंटाळलेली ठेवली होती. असा आवाज माझ्यात कधी आला नव्हता. माझ्या पडद्यावर त्याची रेघ उमटली, तीही कापरी.

"अहाहा, काय कंप आहे आवाजाला!" भावोजी म्हणाले. "अगं, बघ, बघ!"

"आवाज ठेवला म्हणून खूश झाली बहुतेक," ताई म्हणाली. तिने दोन्ही हात जोडून घडीवालीचे आभार मानले. घडीवालीने पुन्हा तेच वाक्य म्हटलं. या वेळी जरा भरभर. तिला वाटलं असेल, हात जोडले म्हणजे यांना कळलं.

घरी भावोजींनी ते वाक्य सातव्या पॅडवर सबंध ठेवलं आणि त्याचा शेवटचा शब्द कापून आठव्यावर घेतला. लहानसा शब्द, शेवटी वर चढणारा. तो तीनदा वाजवला की पाय आपोआप उचलत. इस्त्रीच्या रुळांचा ठेका, चादर झटकल्याचा फटकारा आणि वर तो शब्द, पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

ते गाणं आमच्या हाताबाहेर गेलं. रेडिओवर लागलं, बर्फावर घसरायच्या मैदानात लागलं, केस कापायच्या दुकानांत, टॅक्सीत, शाळेच्या बसमध्ये लागलं. लहान मुलं तो शब्द म्हणत दोरीवरच्या उड्या मारू लागली. हजारो माणसं हात वर करून तो शब्द आमच्याकडे फेकत. अर्थ अजून कुणी शोधला नव्हता. सवड नव्हती, आणि त्या भाषेचं कुणी भेटलंही नव्हतं. भिंगरी एकदा गाणं ऐकवायला तळघरात जाणार होता. तेही राहिलं.

मग तो माणूस आला.

दुसऱ्या गावातला कार्यक्रम होता. ताई आणि भावोजी वायरी गुंडाळत होते. भिंगरी मला पिशवीत घालणार, एवढ्यात तो मंचाच्या पायऱ्यांशी येऊन उभा राहिला. शर्ट इस्त्रीचा, हातात फुलं. बोलणं अगदी मऊ, एकेक शब्द जुळवत बोललेलं.

"फार सुंदर गाणं," तो म्हणाला. "तो आवाज याच्यातच आहे का? एकदा ऐकवाल? गाण्याशिवाय, नुसता?"

भिंगरी नाही म्हणणारा नव्हेच. त्याने सातवं पॅड दाबलं. मी परत केलं, सबंध.

तो माणूस डोळे मिटून ऐकत होता. "बारीक झालीय," तो म्हणाला.

भिंगरी हसला. "आवाजावरून कळतं तुम्हाला?"

"मला कळतं. ओळखीची आहे."

"अरे वा! मग भेटाच तिला. केवढी खूश होईल!" आणि भिंगरीने गाव सांगितलं, दवाखाना सांगितला, मागचा रस्ता सांगितला, तळघराच्या पायऱ्या कुठल्या बाजूने उतरायच्या तेही हाताने दाखवलं. माणसाने फुलं त्याच्या हातात दिली आणि तो गेला. भिंगरीने सवयीने त्याच्या पायांकडे पाहिलं.

"काय पण पाय!" तो मागाहून भावोजींना म्हणाला. "बूट नवे कोरे, पण टाचा एका बाजूने पार घासलेल्या. एवढं कुठे चालतो हा माणूस?"

"तू ना, माणसाचं तोंड बघत जा कधीतरी," भावोजी म्हणाले.

मी पिशवीत होतो. माझ्या सातव्या पॅडवर त्या माणसाच्या श्वासाची वाफ बसली होती आणि मला काहीच करता येत नव्हतं. जे आत आहे ते परत करणं, याखेरीज मला काही येत नाही.

पुढे आम्ही समुद्र ओलांडून एका बंदराच्या गावी गेलो. धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत भर दुपारी कार्यक्रम होता. माणसं आधीच्या गाण्यांवर छान नाचली. मग ते गाणं सुरू झालं. मंचावर भावोजी सुरुवातीला सबंध वाक्य वाजवत. त्यांनी सातवं पॅड दाबलं आणि पुढच्या रांगा थांबल्या. एका बाईने कडेवरच्या मुलाचं डोकं खांद्याशी दाबून धरलं. मागे उभे असलेले परगावचे लोक तेवढे नाचत होते आणि हात वर करून तो शब्द म्हणत होते. पुढचे लोक वळून त्यांच्याकडे बघू लागले. असं बघणं मी माणसांत कधी पाहिलं नव्हतं.

भावोजींनी ठेका बंद केला. "डबा बिघडला काय?" भिंगरी कुजबुजला.

मंचामागे झाडलोट करणारी एक म्हातारी होती. ती केरसुणी हातात घेऊनच आली. ताईला येणारी एक भाषा तिलाही थोडी येत होती.

"हे कुणाचं आहे?" तिने विचारलं. "ती बाई कुठे आहे?"

"तिने काय म्हटलंय?" ताईने विचारलं. नियमाप्रमाणे वेळ झालीच होती म्हणा.

म्हातारी बोलू लागली आणि ताई दवाखान्यात सांगते तसं सांगू लागली. तिच्या कामाची एक रीत आहे. रोगी 'मला' म्हणाला की तीही 'मला'च म्हणते, 'त्याला' म्हणत नाही. त्या सवयीने तिच्या तोंडून सरळ निघालं :

"माझा आवाज ठेवू नका. तुमच्या पाया पडते. तो कुठूनतरी ऐकेल. मी इथे आहे हे त्याला कळेल. तो येईल."

शेवटचा शब्द सांगून ताई थांबली. तिने माझ्याकडे, आठव्या पॅडकडे पाहिलं. येईल, येईल, येईल. मुलांनी त्यावर उड्या मारल्या होत्या.

भिंगरी तिथेच खाली बसला. "ताई," तो म्हणाला, "तो आला होता गं. फुलं घेऊन. मी त्याला पायऱ्यासुद्धा दाखवल्या."

तिथल्याच एका खोलीतून त्यांनी धुलाईखान्यात फोन लावला. मी टेबलावर होतो, मला सगळं ऐकू आलं. तिथल्या देखरेखीच्या बाई म्हणाल्या, "घडीवाली? ती केव्हाच गेली की. रेडिओ चालू होता, चादर अर्धी दुमडून झाली होती. ती टाकली खाली आणि गेली. पिशवीसुद्धा खुंटीवरच राहिली."

"कुणी आलं होतं का तिच्याकडे?"

"हो, भाऊ आला होता तिचा. भला माणूस. फुलं आणली होती सगळ्यांना."

ताईचा आवाज एकदम खाली गेला. "बाई, नीट आठवून सांगा. भाऊ आला तो ती गेल्यावर, की ती जायच्या आधी?"

पलीकडे रुळांची घरघर ऐकू येत राहिली.

"आता ते नाही बाई आठवत. इथे रोज कोण ना कोण येतंच."

त्या दिवसापासून आमच्या घरात तेवढा एकच प्रश्न उरला. आधी, की नंतर?

पोलिसांत सांगून झालं. तिचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं आणि त्या माणसाचा चेहरा भिंगरीला सांगता येईना. बूट सांगितले. गाणं थांबवायचा जमेल तेवढा प्रयत्न झाला, पण लोकांनी त्याची नवी नवी रूपं केली होती. कुठल्याही दुकानात शिरावं तर छतातून तो शब्द पडे आणि ताई हातातली वस्तू तशीच ठेवून बाहेर येई. आणखी एक कार्यक्रम त्यांनी केला. लोक ते गाणं मागू लागले, एकसुरात तोच शब्द ओरडू लागले, आणि भिंगरी फिरता फिरता थांबला. कशालाही न धडकता. तिघं मंचावरून उतरले ते कायमचे.

मला कपड्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवलं. फळीच्या फटीतून दार दिसे. भावोजींनी दाराला आणखी एक कडी बसवली. घंटा वाजली की भिंगरी आधी जमिनीवर आडवा होऊन दाराखालच्या फटीतून बूट बघे आणि मग 'तो नाही' अशी मान हलवी. ताईने एकदा त्याला रागावून म्हटलं, "तो आपल्याकडे कशाला येईल रे?"

"त्याला ती मिळाली नसेल तर येईल," भिंगरी म्हणाला. "तो यावा असंच मला वाटतं, ताई. आला, तर ती सुटली असं समजायचं."



मला सातवं पॅड जड झालं होतं. अंधारात, वीज नसतानाही, ती बाई माझ्यात भिंतीला टेकून उभी होती. पुसलं जाण्याची भीती मला जन्मापासून. आता मला उलटी भीती वाटू लागली, की हे कुणी पुसणारच नाही. ताईने एकदा मला खाली काढलं होतं. बोट बटणापर्यंत नेलं आणि मागे घेतलं. "ती नसेलच, तर एवढंच राहिलंय तिचं," ती म्हणाली. आवाज ठेवणं म्हणजे माणूस ठेवणं. ती सवय सुटत नव्हती.

बऱ्याच काळानंतर, एका सुट्टीच्या सकाळी घंटा वाजली. भिंगरी आडवा झाला. त्याने मान हलवली नाही. "बाईचे आहेत," तो हळूच म्हणाला. "कापडी. टाचा एका बाजूने घासलेल्या."

ताईने कड्या काढल्या.

केस पिकले होते. ती आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिला पाहिलं नसतं तरी ओळखलं असतं.

"काल दवाखान्यापासून तुमच्या मागून आले," ती म्हणाली. आता तिला या लोकांची भाषा येत होती, तुटक, पण नीट. "घर बघून गेले. आज आले. घाबरू नका. मागून कसं चालायचं ते मी शिकले आहे."

भावोजींनी खुर्ची पुढे केली. भिंगरी भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

"बसा," ताई कशीबशी म्हणाली. "तुम्ही... तो आला तेव्हा..."

"मी नव्हते. रेडिओत मी बोलले. आधी वाटलं, मीच मोठ्याने बोलतेय. मग कळलं. पायऱ्यांनी जायची भीती वाटली. चादरींच्या लिफ्टमध्ये बसले. मध्येच अडकली." तिने भावोजींकडे पाहिलं. "तुम्ही दांडा दाखवला होता. वर, कोपऱ्यात."



"त्याला पत्ता मी दिला," भिंगरी भिंतीला म्हणाला. "मी. पायऱ्यासुद्धा सांगितल्या."

तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. ठीक आहे असं ती म्हणाली नाही. "तीन गावं सोडली," एवढंच म्हणाली. "तो अजून शोधतोय की नाही, ते माहीत नाही. मला ते यंत्र बघायचंय."

मला खाली काढलं, धूळ झटकली, वीज जोडली. पडदा उजळला. सातव्या पॅडखालचा दिवा लागला.

"गाणं सगळीकडे आहे," ताई म्हणाली. "खोटं सांगत नाही. यातलं पुसून ते थांबणार नाही."

"माहीत आहे. गाण्यात तुम्ही मला कापलंय. यात मी सबंध आहे ना? ती बाई अजून तिथे उभी आहे, भिंतीशी. मला रोज वाटतं. तिला सोडा आता."

"ऐकायचंय एकदा?" भावोजींनी विचारलं.

"नको."

ताई तिच्यासमोर खाली बसली. "या वेळी मी नीट विचारते. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय हात लावणार नाही. पुसायचं?"

"हो. दोन्ही. मी पुसते."

तिने बोट ठेवलं. चादरींच्या कडा दाबून दाबून सपाट झालेलं बोट. पडद्यावर प्रश्न आला, नक्की पुसायचं? आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हो. तिने दाबलं. सातवा दिवा विझला, मग आठवा. माझ्यात तळघराएवढी जागा रिकामी झाली आणि तिथे कुणीही उभं नव्हतं.

ती उठली. दारापर्यंत गेली, भिंगरीने ते अर्धवट उघडलंही, आणि ती थांबली.

"त्या दिवशी आधी एक आवाज ऐकवला होता. म्हातारीचा. तेव्हा मला भाषा येत नव्हती. काय म्हणत होती ती?"

भावोजींनी सांगितलं नाही. त्यांनी पहिलं पॅड दाबलं.

"आले का सगळे? लावू दार?"

तिने मान तिरपी करून ऐकलं. मग मागे वळून पाहिलं. ताईकडे, भावोजींकडे, भिंगरीकडे. अर्ध्या उघड्या दाराकडे.

"लावा," ती म्हणाली, आणि परत येऊन खुर्चीवर बसली.

चहा झाला. ती फार बोलली नाही. दुपार कलल्यावर गेली.

मी आता फळीवर नाही, टेबलावर असतो. माझी रबरं कडक झाली आहेत, दोन पॅड दाबले तर वरच येत नाहीत. भिंगरी अजून घंटा वाजली की बूट बघतो. तुमच्याकडे माझ्यासारखं एखादं यंत्र असेल, आणि हल्ली ते प्रत्येकाच्या खिशात असतंच, तर कुणाचा आवाज आत घेण्याआधी विचारा. आणि समोरचा काय म्हणाला ते कळेपर्यंत थांबा. पाय हलले तरी थांबा.

ती कुठे गेली ते तिने सांगितलं नाही, आणि ताईने विचारलं नाही. मी तिथेच होतो, माइक जोडलेला होता, पण बंद होता. मला तिचा पत्ता ठाऊक नाही. तेच बरं. ठाऊक असता तर मी तो परत केला असता, ज्याचं बोट पडेल त्याला.